बंद होण्याआधीची नव्वद सेकंदं

काकांचं दिग्रसला दुकान आहे. शेतीचे पाइप, स्प्रिंकलरच्या नोझल, मोटारपंपाचे सुटे भाग, फवारणीपंपाचे वॉशर, असलं सगळं. रात्री साडेआठला शटर अर्धं खाली येतं, गल्ला मोजून होतो आणि मग एकच वस्तू बंद करायची राहते. कॉम्प्युटर. २०२४ च्या दिवाळीआधी त्यांचा मला पुण्याला फोन आला, "हे लवकर बंदच नाही होत ना बाबू. बंद कर म्हनलं का काळ्या पडद्यावर लाल चांदन्या फिरत राह्यतात. मिनिटभर, कधी सव्वा मिनिट. मी किती वेळ उभा राहू?"

मी हसलो. सव्वा मिनिटाचं काय एवढं, असं वाटलं. पण दिवसभर उभं राहिलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला अर्ध्या शटरखाली ते सव्वा मिनिट फार लांबतं. शिवाय लाईन. आमच्याकडे संध्याकाळी लाईन जाणं ही बातमी नसते, आणि काकांच्या यूपीएसची बॅटरी आता पाचेक मिनिटंच तग धरते. लाईन गेली की यूपीएस ओरडायला लागतो. त्या आवाजात लाल चांदण्या बघत उभं राहायची घालमेल मी पुढे स्वतः अनुभवली.

यंत्र २०१० सालचं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, नंतर वाढवून ४ जीबी केलेली रॅम, आणि सुरू होताना चक्कीसारखी घरघरणारी हार्ड डिस्क. त्यावरच्या विंडोज ७ चे अपडेट्स मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून थांबवले. चुलतभाऊ म्हणाला भंगारात देऊ. मी २०२३ मध्ये त्यावर डेबियन १२ टाकलं, उधारीचा हिशोब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला, आणि काकांना म्हटलं, आता ती लाल बाडाची वही बंद करा. त्यांनी केली. मी इंजिनिअर आहे, माझ्या शब्दाला घरात वजन आहे.

'जुना कॉम्प्युटर बंद होत नाही' या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टिमचं सगळं आवरून झालेलं असतं, पण वीज तुटत नाही. पडदा काळा, पंखा मात्र चालू. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक घरगुती कॉम्प्युटर स्वतःची वीज स्वतः तोडत नसत. विंडोज ९५ 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची पाटी दाखवून थांबायचं आणि खटका माणसाने दाबायचा. मग १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची एक बोली ठरवली. त्या बोलीत ऑपरेटिंग सिस्टिम मदरबोर्डला सांगते की माझं झालं, आता वीज काढ. जुन्या मदरबोर्डांना ही बोली कधीकधी नीट कळत नाही. बायोस अपडेट करून किंवा कर्नलला एखादी जादा सूचना देऊन हा आजार बऱ्याचदा सुटतो.

दुसऱ्या आजारात यंत्र वीज तोडण्यापाशी आलेलंच नसतं. आत कुणीतरी अजून कामात असतं. लाल चांदण्या फिरतात म्हणजे हा दुसरा आजार.

लिनक्समध्ये एखादी प्रक्रिया थांबवायच्या आज्ञेचं नाव 'किल' असं आहे. नाव हिंसक आहे, पण ती मुळात निरोप पाठवते, एवढंच. कोणता निरोप ते सांगितलं नाही तर १५ नंबरचा जातो, सिगटर्म. म्हणजे, आवरा आता. हा निरोप प्रक्रियेला ऐकू येतो. ती अर्धवट लिहिलेलं पूर्ण करते, उघड्या फाइली मिटते, आणि मग जाते. ९ नंबरचा निरोप, सिगकिल, वेगळा आहे. तो ऐकायची, अडवायची, त्यावर काही करायची सोय प्रक्रियेला नसते. कर्नल तिच्याशी न बोलता तिला काढून टाकतो.

बंद करताना हे सगळं सिस्टिमडी नावाचा कारभारी बघतो. तो प्रत्येक सेवेला १५ नंबर पाठवतो आणि वाट बघतो. वेगळं काही सांगितलं नसेल तर ९० सेकंदं. तेवढ्यात आवरलं नाही तर ९ नंबर. लाल चांदण्यांच्या शेजारी कोणाचं आवरणं चालू आहे आणि नव्वदातली किती सेकंदं झाली ते लिहिलेलं असतं. हा ९० काही निसर्गनियम नाही. बहुतेकांना पुरेल म्हणून माणसांनी ठरवलेला आकडा आहे, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत बदलता येतो.

दिवाळीला घरी आलो तेव्हा मी तो बदलला. ९० च्या जागी ५.

खरंतर मी आधी बघायला हवं होतं की कोण थांबवतंय आणि का. पडद्यावर नाव होतंच. ते माझ्याच प्रोग्रामचं होतं. आणि म्हणूनच मी पुढे पाहिलं नाही. वाटलं, माझाच आहे, तो काय करतो मला माहीत आहे, त्याला पाच सेकंदं पुष्कळ झाली. काका मागे उभे होते. म्हणाले, "त्याचं काही काम राह्यलं असन ना." मी म्हटलं, काही नाही काका, नुसता रेंगाळतो. त्या रात्री कॉम्प्युटर बारा-पंधरा सेकंदांत बंद झाला. काकू म्हणाल्या, पोराने एका मिनिटात काम केलं. मी चकली खाल्ली आणि दोन दिवसांनी पुण्याला परतलो.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा पुन्हा फोन. यावेळी आवाज वेगळा. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत आमच्याकडे स्प्रिंकलरचे पाइप जातात, बरेचसे उधारीवर, सोयाबीन नाहीतर कापूस विकला की पैसे. काकांनी मागच्या खोलीतले वीस फुटी पाइप मोजले तर हिशोबापेक्षा १४ कमी. चोरी म्हणावी तर एवढे लांब पाइप कोण खांद्यावर टाकून नेईल आणि कुणाला दिसणार नाही? मग एक जण पैसे द्यायला आला, आणि त्याच्या नावावर काहीच निघेना. तो म्हणे चार पाइप नेले, कॉम्प्युटर म्हणे एकही नाही. काका मला म्हणाले, "पाइप त गेले, पन नेले कोनं?"

मी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून आलो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. यंत्राची रोजनिशी वाचली. लिनक्स आदल्या वेळी चालू असतानाच्या नोंदीही जपून ठेवतं, कुठल्या सेकंदाला काय झालं ते त्यात ओळीने असतं.

त्यात जे सापडलं ते असं. जुन्या डिस्कला सारखं लिहायला लावू नये म्हणून माझा प्रोग्राम दिवसभराच्या नोंदी मेमरीत ठेवायचा. डिस्कवर दोनदा उतरवायचा, दुपारी एकदा आणि रात्री बंद होताना. (हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.) बंद होताना आणखी एक काळजी मी घेतली होती. नवीन नोंदी लिहिण्याआधी जुन्या खात्याची एक प्रत मागच्या बाजूला लावलेल्या पेन ड्राइव्हवर जायची. आधी जुनं सुरक्षित, मग नवं. आणि तो पेन ड्राइव्ह मरायला टेकला होता. काही दिवशी मुकाट्याने प्रत घ्यायचा, काही दिवशी उत्तरच द्यायचा नाही. मग कर्नल तीस सेकंदं थांबायचा, पेन ड्राइव्हला रीसेट करायचा, पुन्हा विचारायचा. दोनेक फेऱ्यांत काम व्हायचं, आणि त्यानंतर माझा प्रोग्राम दुपारपासूनच्या नोंदी लिहून स्वतःहून बंद व्हायचा. सव्वा मिनिटात. नव्वदच्या आत. रोज.

मी ५ केल्यावर, ज्या दिवशी पेन ड्राइव्ह अडला त्या दिवशी प्रोग्राम 'आधी जुनं' यातच मारला गेला. 'मग नवं' कधी आलंच नाही.

लिनक्समध्ये प्रक्रियेची एक अवस्था असते, तिला नुसतं 'डी' म्हणतात. डिस्ककडे काहीतरी मागितलंय आणि उत्तर येईपर्यंत प्रक्रिया जागी होणार नाही, अशी झोप. या अवस्थेत ९ नंबरसुद्धा चालत नाही. निरोप दारात पडून राहतो आणि डिस्कचं उत्तर आलं की मगच लागू होतो. म्हणजे कर्नलच्या हातातलं सर्वात मोठं हत्यारही तिथे थांबतं. मला जो रेंगाळतोय असं वाटलं होतं तो दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत होता. खोळंबा करणारा पेन ड्राइव्ह, आणि शिक्षा झाली प्रोग्रामला. खरंतर प्रोग्रामलाही नाही. शिक्षा झाली त्या चार पाइपवाल्याच्या प्रामाणिकपणाला, ज्याला आता स्वतःचं कर्ज स्वतः सिद्ध करायची वेळ आली होती.

आम्ही तीन दिवस माणसं आठवत बसलो. काकांना चेहरे आठवत होते, तारखा नाही. फोन केले. काहींनी लगेच सांगितलं, काहींनी जरा विचार करून. कोण खोटं बोललं का, हे मला माहीत नाही आणि शोधायचा अधिकारही नाही, कारण त्यांच्या बाजूला काही नसलं तरी आमच्या बाजूलाही काही नव्हतं. १४ पैकी ९ पाइप सापडले. नोझल आणि वॉशरचा हिशोब कुणी मांडलाच नाही. काय गेलं याचीच नोंद नसेल, तर किती गेलं ते कळत नाही. जोराने बंद करण्यातला हा धोका आधी दिसत नाही. बंद करणाऱ्याला फक्त वाचलेली सेकंदं दिसतात.

त्या तीन दिवसांत मला ऑफिसमधली एक गोष्ट सारखी आठवत होती. ती सांगतो.

मी जिथे काम करतो तिथे दीड वर्षापूर्वी माणसं कमी केली. माझ्या शेजारी बसणारा एक जण त्यात होता. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आम्हाला स्क्रीन शेअर करून एक अडचण समजावून सांगत होता, आणि वाक्याच्या मध्येच स्क्रीन गेली. आम्हाला वाटलं नेट गेलं. त्यालाही तसंच वाटलं. पाच मिनिटांनी त्याच्या खासगी फोनवर मेल आला. लॅपटॉप कुलूपबंद, खातं बंद, चॅट बंद. कंपनीने पैसे पूर्ण आणि वेळेवर दिले, हे सांगायला हवं.

कायदाही ही अदलाबदल मान्य करतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफमध्ये, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची छाटणी करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी तेवढा पगार, असं लिहिलेलं होतं. 'किंवा त्याऐवजी'. पोट चालवायच्या दृष्टीने ही अदलाबदल बरोबर असेलही. पण नोटीशीचा महिना फक्त पोटासाठी असतो का? त्या महिन्यात माणूस हातातलं काम कुणाला तरी सोपवतो, कुठल्या सर्व्हरला कधी हात लावू नये ते सांगतो, चहावाल्याचा हिशोब चुकता करतो, आणि मग जातो. आवरणं हेही कामच आहे, आणि ते दुसरा कुणी करू शकत नाही. त्या मित्राने अर्धवट ठेवलेलं वाक्य पूर्ण करायला, म्हणजे ती अडचण नेमकी काय होती ते शोधायला, आम्हाला पुढे जवळपास महिना लागला.

आता खरी गोष्ट. त्याची सगळी खाती एका क्लिकमध्ये बंद करणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. त्याच्या आदल्या वर्षी. आधी हे काम हाताने व्हायचं आणि त्याला चार तास लागायचे, मी ते चाळीस सेकंदांवर आणलं आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं. कुणाला मध्ये तोडण्यासाठी मी ती लिहिली नव्हती. चार तास फार होतात, एवढंच डोक्यात होतं. दुकानात ९० च्या जागी ५ लिहिताना डोक्यात होतं तेच. वेळ वाचवणं आम्हाला शिकवलेलं असतं. कुणाचा वेळ, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

यावर कंपनीचं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहे, आणि ते पोकळ नाही. जाणारा माणूस रागात डेटा पुसू शकतो, नेऊ शकतो. तसं घडतंही. कॉम्प्युटरमध्येही ९ नंबर उगाच नाही. एखादा प्रोग्राम बिघडून सगळी मेमरी खातो, किंवा बाहेरून घुसलेलाच असतो, त्याला 'आवरा आता' म्हणून त्याच्या चांगुलपणावर विसंबणं हा वेडेपणा आहे. मग एरवीही अमर्याद वाट का पाहू नये? तर यूपीएसची बॅटरी पाच मिनिटांची आहे. मर्यादा काढून टाकली आणि एक प्रोग्राम अडकून बसला, तर पाच मिनिटांनी बॅटरी संपेल आणि जे आवरून बसले होते ते, जे आवरत होते ते, सगळेच एका झटक्यात जातील. अमर्याद वाट बघणारा दयाळू वाटतो, पण तो निर्णय बॅटरीवर सोडतो. म्हणून मर्यादा हवीच. वाद आहे तो ती कोणी घालायची, आणि ज्याला घातली त्याला काही बोलता येतं का, यावर.

हाच वाद यंत्राशी अजिबात तुलना करू नये अशा ठिकाणी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, झाला होता. तुलना करत नाही, फक्त प्रश्न तिथे किती नीट विचारला गेला ते बघा. अरुणा शानबाग तिथल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतरची जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात, स्वतःचं काही सांगू न शकणाऱ्या अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की हे आता थांबू द्यावं. त्यामागे कणव होती, यात मला शंका वाटत नाही. केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टर म्हणाले, नाही, आम्ही यांना सांभाळतो. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः उघडली, त्यावर उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घातली, पण अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क दिला तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना. का? कारण इतकी वर्षं रोज जेवू घालणारे, अंग पुसणारे ते होते. पुस्तक लिहिणारी व्यक्ती कितीही कळवळ्याची असली तरी तिचा नंबर त्यांच्यानंतर. अरुणा १८ मे २०१५ ला गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक गोष्ट मान्य केली, की आपलं बोलणं बंद होईल तेव्हा काय करावं आणि काय करू नये, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो.

मला या दोन निकालांतला क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्याचं थांबवायचंय त्याचा शब्द पहिला. तो बोलू शकत नसेल, तर रोज त्याच्याजवळ असणाऱ्याचा. घाई असणाऱ्याचा किंवा लांबून कळवळणाऱ्याचा शब्द त्यांच्यानंतर. दुकानात हा क्रम मी उलटा केला होता. रोज त्या यंत्राजवळ काका होते आणि त्यांनी सांगितलंही होतं की त्याचं काही काम राहिलं असेल. मी पुण्याहून आलेला, दोन दिवसांचा पाहुणा.

आणि प्रोग्रामचा शब्द? तो ठेवायची सोय असते, हे मला त्या तीन दिवसांत सिस्टिमडीची माहितीपुस्तिका वाचताना पहिल्यांदा कळलं. प्रत्येक सेवा स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवू शकते की मला आवरायला इतका वेळ लागतो. एवढंच नाही, आवरताना मध्येच ती कारभाऱ्याला निरोप देऊ शकते की काम चालू आहे, अजून थोडा वेळ द्या. कारभारी मग मुदत वाढवतो. पुढची मुदत संपायच्या आत निरोप आला तर आणखी वाढवतो, निरोप यायचा थांबला की मात्र ९ नंबर. म्हणजे रेंगाळणारा आणि कामात असलेला यांत फरक करायची युक्ती कुणीतरी आधीच करून ठेवली होती. फरक असा केला होता की त्यालाच विचारायचं. मी माझ्या प्रोग्रामला ती एक ओळ दिली नव्हती. तो बिचारा गप्प राहून काम करत होता आणि मी त्याच्या गप्प राहण्याला आळस म्हटलं.

आता प्रोग्राम प्रत्येक नोंद तिथल्या तिथे डिस्कवर लिहितो. आधी नवं, मग प्रत. डिस्क थोडी आधी मरेल, मरू दे. पेन ड्राइव्ह नवा आणला, दिग्रसच्या बाजारातच मिळाला. मुदत पुन्हा ९० केली, आणि वर ती 'अजून थोडा वेळ' म्हणणारी ओळ. गंमत म्हणजे आता यंत्र आठ सेकंदांत बंद होतं. ९० चा आकडा तसाच आहे, फक्त कुणाला तो लागत नाही.

ऑफिसच्या स्क्रिप्टचं असं झटपट झालं नाही. खाती बंद करण्याआधी अर्धा तास, नुसतं वाचता येईल आणि सहकाऱ्यांना निरोप लिहिता येईल एवढीच सोय उघडी ठेवावी, असा बदल मी सुचवला. कुणालाही काही पुसता येणार नाही अशी रचना करून दाखवली. उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, सुरक्षा विभागाकडे पाठवली आहे. त्याला आता बरेच महिने झाले. स्क्रिप्ट मीच सांभाळतो. मधल्या काळात ती दोनदा चालली, आणि दोन्ही वेळा चालवायचा आदेश माझ्याच मेलवर आला. पहिल्या वेळी मी चालवली. दुसऱ्या वेळी मी मॅनेजरना फोन करून विचारलं, त्यांना आधी कुणी सांगितलंय का? ते म्हणाले, बारा वाजता सांगतील. मी म्हटलं, मग मी साडेबाराला चालवतो. ते काही सेकंदं गप्प राहिले आणि हो म्हणाले. अर्ध्या तासात त्या मुलीने तिघांना मेल लिहिले, त्यातला एक मला होता, एका सर्व्हरच्या पासवर्डची मुदत शुक्रवारी संपतेय म्हणून. ती मेल लिहीत असताना मी घड्याळ बघत बसलो होतो, आणि बोट क्लिकवरच होतं, हेही खरं आहे.

काकांनी लाल बाडाची वही परत काढली आहे. कॉम्प्युटरवरही लिहितात आणि वहीतही. मी म्हटलं दोन्हीकडे कशाला, तर म्हणाले, "तू नसतं ना इथं." रात्री बंद करून आठ सेकंदं उभे राहतात, पंखा थांबला का ते कान देऊन ऐकतात, मग यूपीएसचा खटका. वहीच्या नोव्हेंबरच्या पानावर त्यांनी एक ओळ लिहून ठेवली आहे. २० फुटी पाइप, नग ५. डावीकडे तारखेच्या जागी नुसता महिना, आणि नावाची जागा मोकळी.